पिकलं बोर कोणतं?

खोटं बोलायचंच तर माणसाने थोडकं बोलावं. पण सत्यशीलाबाईंचा हात कशातच आखडता नव्हता, ना भाजीतल्या तेलात, ना खोट्यात. लेकाने विचारलं, "माय, कसं दिसते?" तर "चांगलं दिसते" एवढ्यावर थांबावं की नाही? बाई म्हणाल्या, "चांगलं कायचं, मस्त दिसते! रंगीत रंगीत दिसते!" आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

खरं तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. चुलीतल्या राखेसारखं सगळं भुरकं. त्यात काळे पट्टे खालून वर पळत होते. उर्वशीने हे आपल्या दोन डोळ्यांनी पाहिलं, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सासूचं कोपर तिच्या बरगडीत बसलं. धम्मदीपने मान वळवून बायकोकडे पाहिलं. "तुले गं? तुले कसं दिसते?"

"हो," उर्वशी म्हणाली. "मस्त हाये."

आता तुम्ही म्हणाल, काय ही माणसं. पण घराची गोष्ट ठाऊक असल्याशिवाय बोलू नये. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सतराच्या पावसाळ्यात, मारेगावच्या बाजूला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळीने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलेलं. जो तो फवारणीवाल्याला शोधत होता आणि धम्मदीप दोन गावांतला पहिल्या नंबरचा फवारणीवाला. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, झाली तयारी. एके दिवशी दुपारी वारा फिरला. उंच पऱ्हाटीत सगळं औषध तोंडावर आलं. संध्याकाळी घरी आला तो भिंत धरत धरत, आणि दारातच ओकला. त्या वर्षी त्याच्यासारखे किती जण दवाखान्यात गेले, त्याची गणती पेपरात यायची. धम्मदीप अकरा दिवस यवतमाळच्या दवाखान्यात होता. जीव वाचला. नजर मात्र धुक्यात गेली. डॉक्टर म्हणाले, बहुतेक येईल हळूहळू, काळा चष्मा लावा, दीड महिन्याने दाखवायला आणा. "बहुतेक" हा शब्द उर्वशीने घरी आणलाच नाही, तिथेच पायरीवर टाकून आली.

आणि सत्यशीलाबाईंचं म्हणाल, तर त्यांचा एक कायदा होता. आजाऱ्यासमोर वाईट बोलायचं नाही. दहा वर्षांमागे त्यांचे मालक, बाबाराव, खाटेवर पडलेले असताना भेटायला आलेला एक शहाणा त्यांच्यासमोरच म्हणाला होता, "आता काही खरं नाही." बाबारावांनी ते ऐकलं, भिंतीकडे तोंड केलं आणि तिसऱ्या दिवशी गेले. तेव्हापासून बाईंनी घराच्या उंबऱ्यावर जणू पहारा बसवला. धम्मदीपला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी ओट्यावर गाठायच्या आणि बजावायच्या, "चेहरा उजळला म्हणा, दुसरं काही बोलू नका." मग आत येऊन एकेक जण पोपटासारखा म्हणायचा, "वा, चेहरा उजळला!" काळ्या चष्म्याआडून धम्मदीप ऐकत बसायचा.

गेमची कल्पना धाकट्या संघदीपची. तो पुण्याच्या कारखान्यात. फोनवर म्हणाला, "वहिनी, माळ्यावर आपला जुना टीव्ही गेम असंन पाहा. दादाले देऊन द्या. मोबाइलवरची अक्षरं बारीक असतात, ह्याच्यातली चित्रं हे एवढी मोठी. आन् पोपटाचा गेम तं दादाले तोंडपाठ हाये." लहानपणी त्यांच्या मामांनी नागपूरला बर्डीच्या फुटपाथवरून तो डबा आणला होता. परदेशातला माल, म्हणून मोठ्या मानाने आणला होता. दोघा भावांनी त्याच्यापायी शाळा बुडवली आणि बाबारावांचा मारही खाल्ला. पोपट झाडावर उडायचा, पिकलेलं लाल बोर खायचा. हिरवं कच्चं बोर खाल्लं की धपकन खाली. एवढाच खेळ. पण धम्मदीप त्यात असा पटाईत की आजूबाजूची पोरं त्याला पाहायला यायची.

घरातला टीव्ही मागच्या वर्षी वीज पडली तेव्हा गेलेला. उर्वशीचं समोरच्या खोलीत झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, तिथे कॉम्प्युटर होता. मग संघदीपने कुरियरने एक वस्तू धाडली, बोटाएवढी. एका बाजूने ती कॉम्प्युटरला खुपसायची, दुसऱ्या बाजूला गेमच्या पिवळ्या-पांढऱ्या वायरी. सोबतच्या सीडीतला प्रोग्राम उर्वशीने टाकला, विचारलं तिथे हो म्हटलं, देश विचारला तिथे भारत निवडला. चित्र आलं. ते कसं आलं ते वर सांगितलंच.

धम्मदीपने त्या दिवशी चष्मा काढून खेळायला घेतलं. हातांना सगळं आठवत होतं. पण पिकलं बोर कोणतं आणि कच्चं कोणतं? सगळीच राखेची. पहिल्या मिनिटाला पोपट पडला. दुसऱ्यांदा पडला. पाचव्यांदा पडल्यावर धम्मदीपने रिमोट टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि भिंत धरत आत जाऊन पडला. मागून माय म्हणत होती, "थकला असशीन, किती छान खेळलास!"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने जेवणाचं ताट सरकवलं. रात्रीही सरकवलं. तिसऱ्या दिवशी उर्वशी समोर बसली. "भाजी आवडली नाही काय?"

"उर्वशी," तो म्हणाला, "माह्ये डोळे गेले."

"काहीतरीच काय बोलता! डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरले काय मालूम? तुमाले त्या गेममध्ये रंग दिसला. मले नाही दिसला. काळे पट्टे दिसले निसते. धूर असता तं समजलो असतो, पण रंगच गेला नं."

"ही मेथी हिरवी दिसते का नाही?"

"मेथी हिरवी असते हे मले मालूम हाये, म्हून दिसते." त्याने भिंतीकडे तोंड केलं.

उर्वशी ताट तिथेच टाकून उठली. हे भिंतीकडे तोंड करणं सासूने तिला शंभरदा सांगितलेलं. ती तडक स्वयंपाकघरात गेली. "आई, मी त्यांना खरं सांगून टाकते. आपल्यालाही भुरकंच दिसते म्हणून."

सत्यशीलाबाई पोळी लाटताना थांबल्या. त्यांचेही डोळे भरलेले. "सांग. पण आता त्याले थे खरं वाटंन काय?"

खरंच की! आज जाऊन म्हटलं, अहो आम्हाला पण तसंच दिसतं, तर तो म्हणणार, आधी खरं बोलत होते, आता मन राखायला खोटं बोलून राह्यले. स्वतःच्याच खोट्यात घरदार असं अडकलं होतं. उर्वशीने कपाळाला हात लावला. मग तिच्या डोक्यात आलं, आपण बोलून उपयोग नाही. ते चित्रच दुरुस्त झालं पाहिजे. त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच पडद्यावर, ते पिकलं बोर लाल झालं पाहिजे.

आधी तिने स्वतःच खटाटोप केला. वायर काढली, लावली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला आणि पुन्हा इमानदारीने भारत निवडला. पट्टे तसेच, राख तशीच. शेवटी तिने मारेगावच्या बाबूसिंगला फोन लावला.

बाबूसिंग राठोड म्हणजे टीव्हीचा जुना मेकॅनिक. साठी ओलांडलेला. एके काळी तालुक्यात कोणाचाही टीव्ही बिघडला की बाबूसिंगच. तोंडाचा मात्र फटकळ, लोक त्याच्या हाताला मानायचे आणि जिभेला भ्यायचे. "मी सोडलं आता रिपेरिंग," तो फोनवर म्हणाला. "टीव्हीच राह्यले नाही तसे."

"काका, टीव्ही नाही हो. माणूस जेवून नाही राह्यला," उर्वशी म्हणाली, आणि रडायचं नाही ठरवलं होतं तरी रडली. मग तो म्हणाला, "पत्ता मालूम हाये. बाबारावचं घर ना? उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या काळी-पिवळी जीपमधून तो उतरला. जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला पिशवी. "जय भीम वहिनी," त्याने दारातूनच हाक दिली आणि सत्यशीलाबाईंनी त्याला ओट्यावर गाठायच्या आत तो आत शिरला. बाई मागे मागे कुजबुजत आल्या, "भाऊजी, पोरासमोर चेहरा उजळला म्हणा बरं."

"मी चित्र पाहाले आलो, चेहरा नाही," बाबूसिंग म्हणाला. झालं! बाईंचा जीव तिथेच टांगणीला लागला.

उर्वशीने गेम चालू करून दिला. बाबूसिंग पडद्यासमोर बसला. वाकला, मागे झाला, मग विचारलं, "वहिनी, काय दिसते?"

"चांगलं दिसते," सत्यशीलाबाई म्हणाल्या. लेक आतल्या खाटेवर ऐकत होता ना.

"चांगलं दिसते म्हणजे काय दिसते? मी तुमाले लग्नाची पोरगी दाखवून राह्यलो काय?" बाबूसिंग खवळला. मग उर्वशीकडे वळून म्हणाला, "पिवळी वायर दे."

पिवळी वायर त्याच्या गुडघ्यापाशीच होती. उर्वशीने बोटाने दाखवली. त्याने हात घातला आणि पांढरी उचलली. ती पिवळ्या भोकाशी नेली, बोटांनी चाचपली, परत ठेवली. मग दुसरी घेतली. उर्वशी पाहत राहिली. या माणसाला दिसत नाही!

ती पाणी द्यायच्या निमित्ताने त्याला मागच्या अंगणात घेऊन गेली. पाण्याच्या नांदीजवळ हळूच म्हणाली, "काका, तुमाले दिसत नाही ना?"

बाबूसिंगने तोंडावर पाणी मारलं. "दोन वर्षं झाले. ढग आल्यावाणी दिसते. कोणाले सांगजो नको."

"मग तुम्ही रिपेरिंग कसं करता?"

"दुसऱ्याच्या डोळ्यानं करतो. मले काय दिसते याच्यात गिऱ्हाइकाचं काही अडत नाही पोरी, त्याले काय दिसते थे त्यानं सांगावं. पण लोक नीट सांगत नाहीत, हे दुखणं हाये. कोणी म्हणते खराब दिसते, कोणी म्हणते चांगलं दिसते. अरे, काय दिसते थे सांग ना बापा! पट्टा दिसते तं उभा का आडवा? हालते का थांबते? एवढं जरी कोणी बरोबर सांगितलं नं, तं मी डोळे मिटून टीव्ही खोलतो." त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "तुमच्या घरात तं मले एकही डोळा कामाचा दिसून नाही राह्यला."

उर्वशीला आधी राग आला. माणूस आंधळा आणि मिजास केवढी. मग एकदम तिच्या लक्षात आलं, आणि ती म्हणाली, "एक हाये काका. त्यांनी आधीच सगळं बरोबर सांगितलं होतं."

बाबूसिंग तिच्या आवाजाच्या दिशेने बघत उभा राहिला. "आण मंग त्याले बाहीर," तो म्हणाला.

धम्मदीप यायला तयार नव्हता. "काका, माह्या डोळ्याचा काही भरवसा नाही," तो खाटेवरूनच म्हणाला.

"तुह्या डोळ्याचा भरवसा मी पाहातो. तू ये. तुह्या मायच्या डोळ्यानं काम केलं तं मले इथंच मुक्काम करा लागंन."

या बोलण्यावर धम्मदीपला किंचित हसू आलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. तो उठला, चष्मा काढला, खुर्चीत बसला. बाबूसिंगने फर्मान काढलं, "आता ह्या खोलीत फक्त धम्मदीप बोलंन. बाकीच्यायनं चूप राह्याचं. वहिनी, तुमी तं खासकरून." सत्यशीलाबाई पदर तोंडाला लावून दाराच्या चौकटीत बसल्या.

"सांग. पह्यले काय खुपते डोळ्याले?"

"पट्टे," धम्मदीप म्हणाला. "काळे. आडवे. खालून वर पळून राह्यले."

"किती?"

"दोन. एक वर गेला का दुसरा खालून निंघते."

बाबूसिंगने डब्याचा अडॅप्टर सॉकेटमधून न काढता हातात धरला. मग कानाशी नेला. डोळे मिटून ऐकत राहिला. "भुंगा बसला ह्याच्यात. गरम पण केवढा झाला. आतमंधलं कॅपॅसिटर मेलं, म्हून घरची लाइट चित्रात घुसून राह्यली." त्याने पिशवीतून सेल ठेवायची पेटी काढली, उर्वशीला दुकानातून सहा सेल आणायला लावले, नखाने पेटीची वायर सोलली, जिभेने चाखून प्लस-मायनस ओळखलं आणि डबा सेलवर जोडला. हे सगळं त्याने पडद्याकडे पाठ करून केलं, आणि एकदाही हात चुकला नाही. उर्वशी बघतच राहिली. आधीचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"आता सांग."

धम्मदीप पुढे वाकला. "पट्टे गेले," तो सावकाश म्हणाला. मग थांबला. "म्हणजे... पट्टे होते?"

"होते म्हणजे? तूच तं सांगितलं. दोन, आडवे, वर पळणारे. अडॅप्टर खराब असला का तसेच असतात."

धम्मदीपने मायकडे पाहिलं. मायने पदर आणखी घट्ट धरला. तो काही विचारणार तेवढ्यात बाबूसिंग गरजला, "इकडं पाहा! पुढचं सांग. रंग?"

"रंग नाही. पोपट भुरका. बोरं भुरकी."

"एकही रंग नाही? काठाले, अक्षराले, कुठीच?"

"कुठीच नाही."

"बरं. चित्र पुरं हाये काय? वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. घाई करू नको."

धम्मदीप बराच वेळ बघत बसला. उर्वशीही बघत होती, तिला पोपट दिसत होता, झाड दिसत होतं, आणखी काय बघायचं ते कळत नव्हतं. धम्मदीप म्हणाला, "खाली काळी पट्टी हाये. ही पळत नाही, थांबेल हाये. झाडाचं बुड जिथं संपते ना, त्याच्या खाली. पह्यले टीव्हीवर अशी नव्हती. झाड पार खालवर यायचं."

"केवढी?"

"चार बोटं."

बाबूसिंगने मांडीवर अशी थाप मारली की सत्यशीलाबाई दचकल्या. "गावलं! अरे शाब्बास बाबारावच्या पोरा, गावलं!"

आणि मग त्याने सांगितलं. चित्र पाठवायचं प्रत्येक देशाचं आपापलं माप असतं. आपल्याकडच्या चित्रात रेघा जास्त, काही देशांच्या चित्रात कमी, आणि रंग गुंडाळायची पद्धतही वेगळी. व्हिडिओ भाड्याने आणायचे त्या जमान्यात कोणी परदेशातून कॅसेट आणली की आपल्याकडे अशीच काळी-पांढरी दिसायची, आणि लोक कॅसेटवाल्याला शिव्या द्यायचे. पुढे टीव्ही हुशार झाले, आपले आपण ओळखायला लागले, म्हणून या डब्याचं बिंग कधी फुटलं नाही. "हे कॉम्प्युटरचं बोटूक तेवढं हुशार नाही. त्याले जे सांगितलं थेच थे धरून बसते. रेघा कमी पडल्या म्हून खाली काळं राह्यलं, आन् रंगाची गाठ त्याले सुटली नाही म्हून राख. पोरी, ह्यानं तुले देश विचारला होता काय?"

"विचारला होता. मी भारत निवडला."

"काहून?"

"काहून म्हणजे? आपण भारतात हावो नं काका!"

"आपण हावो. डबा हाये काय? ह्यायच्या मामानं थो परदेशातला म्हून आणला होता, बाबारावच सांगे मले."

उर्वशीला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. दोनदा, दोनदा तिने अभिमानाने भारत निवडला होता! ती माउसवर बसली. बाबूसिंग सांगत गेला, ती यादीत उतरत गेली, अमेरिकेवर थांबली. दाबलं. पडदा काळा झाला. एक क्षण, दोन क्षण. मग चित्र आलं, पार खालपर्यंत भरलेलं.

"अगं माय!" सत्यशीलाबाई दारातून ओरडल्या. "हिरवा हाये थो पोपट!"

आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण तोंडातून निघालेलं काही परत जातं काय?

धम्मदीप खुर्चीतून अख्खा वळला. "म्हणजे? आतापर्यंत तुले हिरवा दिसत नव्हता काय?"

सत्यशीलाबाईंनी सुनेकडे पाहिलं, सुनेने माउसकडे.

"माय, तुले इचारून राह्यलो."

"भुरका दिसत होता रे बापा," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "पह्यल्या दिवसापासून भुरका दिसत होता. पट्टेही दिसत होते. मीच म्हणलं रंगीत हाये. हिलेही मीच चूप बसवलं. तुह्या बापासमोर थो माणूस तसा बोलला ना रे... मले वाटलं, तुले काही वाईट ऐकू नाही आलं पाह्यजे."

"चार दिवस मी आंधळा झालो ना माय!" धम्मदीपचा आवाज फाटला. उर्वशीला वाटलं आता हा उठून जाईल, आणि गेला तरी त्याचं चुकणार नाही. पण तो उठला नाही. मायकडे बघत बसला, मग हाताच्या पाठीने डोळे पुसले, मग एकदम हसायलाच लागला. रडत होता आणि हसत होता. "रंगीत रंगीत दिसते म्हणे! एवढं लंबं खोटं कायले बोलली वं माय?"

त्यावर उर्वशीलाही हसू फुटलं, आणि सत्यशीलाबाई रडता रडता म्हणाल्या, "माहं चुकलं."

"झालं काय तुमचं?" बाबूसिंग म्हणाला. "काम अर्धं राह्यलं. सांग, रंग बरोबर हाये काय?"

"हाये नं," उर्वशी म्हणाली. तिला तर दृष्ट लागावी असं चित्र दिसत होतं.

"तुले नाही विचारलं."

धम्मदीप पुन्हा पुढे वाकला. डोळे बारीक केले. अजून थोडं धुकं होतंच त्याच्या नजरेत, ते काही जादूने गेलं नव्हतं. "पोपट बरोबर हाये म्हणाले हरकत नाही. पण बोर... पिकलं बोर जांभळाकडं गेलं. जांभळं नाही पुरं. पण लाल नाही थे. गेममंधलं बोर लालभडक होतं, कुंकवासारखं."

उर्वशीने निरखून पाहिलं. आता सांगितल्यावर तिलाही ते दिसलं. बाबूसिंग खूश होऊन मान हलवत होता. त्या देशांच्या पद्धतीत रंग सरकतात, त्यासाठी प्रोग्राममध्ये सरकवायची एक वेगळी पट्टी दिलेली असते, ती शोध म्हणाला. उर्वशीला ती सापडली. "माउस त्याच्या हातात दे," बाबूसिंग म्हणाला.

धम्मदीपने पट्टी इकडे सरकवली, पोपट निळा झाला. तिकडे सरकवली, पिवळा पडला. मग केसाएवढी केसाएवढी मागे आणली. सगळ्यांच्या माना त्याच्यासोबत हलत होत्या. शेवटी त्याने हात उचलला. "आता. आता लाल."

मग तो खेळला. बटण दाबल्यावर पोपट जरा उशिरा उडत होता, ते त्याने सांगितलं, आणि बाबूसिंग म्हणाला, "तेवढं राहीन. थे ह्या बोटकाचं हाये, तुह्या हाताचं नाही. थोडं आधी दाबत जा." धम्मदीप आधी दाबायला लागला. पहिली फेरी गेली. दुसरी गेली. चौथ्या फेरीत पोपट पडला तेव्हा तो कोणाला काही न विचारता स्वतःच म्हणाला, "ह्यावेळी माहं चुकलं," आणि पुन्हा सुरू केलं. सत्यशीलाबाई ताट वाढून घेऊन आल्या. त्याने एका हाताने पोळीचा घास घेतला, दुसऱ्या हातातला रिमोट काही सोडला नाही. उर्वशी त्या घासाकडे बघत राहिली. गेल्या दीड महिन्यात एवढं सुंदर तिने काही पाहिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर बाबूसिंग पिशवी भरायला लागला. खिडकीतून ऊन आलं होतं आणि तो नेमका त्यात बसलेला. चष्मा काढून दुपट्ट्याने पुसत होता. धम्मदीप खेळता खेळता थांबला.

"काका, इकडं पाहा जरा."

"काय?"

"माह्याकडं. नाही, असं उजेडाकडं." धम्मदीप उठला आणि त्याच्या अगदी जवळ गेला. उर्वशीचा हात ताटावरच थांबला. तिने कोणाला सांगितलं नव्हतं, एका शब्दानेही नाही. धम्मदीप म्हणाला, "काका, तुमच्या दोन्ही बाहुल्या पांढऱ्या हायेत. डाव्या डोळ्यात जास्त. तुमाले दिसत नाही."

"मले? मले चांगलं दिसते!" बाबूसिंग म्हणाला.

धम्मदीप त्याच्या डोळ्यांत बघत तसाच उभा राहिला. हसला नाही, हटलाही नाही. उर्वशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. एवढं बारीक, दुसऱ्याच्या बाहुलीतलं पांढरं तिच्या नवऱ्याला दिसलं होतं.

सत्यशीलाबाई पुढे आल्या. त्यांनीही वाकून बाबूसिंगच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ एकदा उघडले, मिटले, परत उघडले. "हाये भाऊजी," त्या म्हणाल्या. "पांढरं हाये. मलेही दिसते. खूप वाढलं थे. ऑपरेशन करा."

आयुष्यात पहिल्यांदा त्या एखाद्या आजारी माणसाच्या तोंडावर असं बोलल्या होत्या, आणि बोलून झाल्यावर घाबरून लेकाकडे बघत होत्या.

"सोमवारी मले यवतमाळले दाखवाले जायचंच हाये," धम्मदीप म्हणाला. "तुमीही चला. मी हात धरतो तुमचा."

बाबूसिंगने चष्मा पुसला, परत पुसला. पिशवीची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. मग विचारलं, "सोमवारी पह्यली जीप किती वाजता हाये?"